पितृपक्षातील अर्ज

ज्याला लोक काळाविषयी विचारतात, त्याने काळ जसा असेल तसाच सांगावा. स्वतःची इच्छा, भीती अथवा संशय यांचा कणही त्यात मिसळू देऊ नये. विचारणारा माणूस आपली वेळ दुसऱ्याच्या हाती सोपवतो आणि ही ठेव धनापेक्षा नाजूक असते. हा नियम मी चाळीस वर्षे पाळला आणि एकदा मोडला. कुणा धनिकाच्या दबावाने मोडला नाही, दक्षिणेच्या लोभानेही नाही. माझ्याच घरात, माझ्याच सुनेशी, एका क्रेडिट कार्डाच्या अर्जावरून मोडला.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या तीस सप्टेंबरला होती आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना. पितृपक्षाचा तिसरा दिवस असावा. संध्या आटोपून मी कराडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसलो होतो. ऋजुताने चहाचा कप तिपाईवर ठेवला. तिच्या दुसऱ्या हातात लॅपटॉप होता आणि तो उघडाच होता.

"अप्पा, एक निर्णय हवाय."

"सुतकाचा की सोवळ्याचा?"

"क्रेडिट कार्डाचा."

मी उचललेला कप पुन्हा खाली ठेवला.

मी एकतीस वर्षे इथल्या हायस्कुलात संस्कृत शिकवले, त्याआधी सात वर्षे पाठशाळेत काढली. शाळेत असल्यापासूनच लोक मुहूर्त, सुतक, श्राद्धतिथी असे काहीबाही विचारायला येत, निवृत्तीनंतर फोन करू लागले. मी कधी दक्षिणा घेतली नाही आणि जे शास्त्रात नाही ते कधी सांगितले नाही. ऋजुता संस्कृतचे एम.ए. करूनच या घरात आली. ती इथल्या महाविद्यालयात शिकवते. लग्नानंतरची पाच वर्षे आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर बसून धर्मनिर्णयाचे ग्रंथ ओळीओळीने वाचले होते. माझा मुलगा शिरीष त्या काळी सोलापूरकडच्या एका साखर कारखान्यात अभियंता होता आणि शनिवारी रात्री घरी येत असे. नात ईरा सातवीत होती. माझी पत्नी सुमती आठ वर्षांपूर्वी गेली होती. असे आमचे घर.

"सांग," मी म्हणालो.

"हे वरच्या दर्जाचं कार्ड आहे. वर्षाला दहा हजार फी."

"कार्ड बाळगायला दहा हजार?"

"आधी ऐका तर. तीस तारखेच्या आत अर्ज केला आणि पहिल्या तीन महिन्यांत दोन लाख खर्च केले, तर स्वागताचे म्हणून इतके पॉइंट देतात की जर्मनीचं जाण्यायेण्याचं तिकीट निघतं. तीस तारखेनंतर याच्या अर्धेसुद्धा मिळत नाहीत."

"आणि दोन लाखांचं तू काय घेणार आहेस?"

"काहीच नाही. तीच तर गंमत आहे. ईराच्या क्लासची फी, सोसायटीच्या लिफ्टचा आपला हिस्सा, गाडीचा विमा, दिवाळी, हे सगळं नाहीतरी ऑक्टोबरात भरायचंच आहे. पैसे बाजूला काढलेले आहेत. खर्च डोळ्यांसमोर दिसत असेल तेव्हाच हे कार्ड घ्यायचं. आधी घेतलं तर उगाच खरेदी होते, नंतर घेतलं तर संधी जाते. आत्ता अर्ज केला तर दसऱ्याच्या आत कार्ड येईल, दिवाळीपर्यंत खर्च पुरा, नोव्हेंबरात पॉइंट जमा, जानेवारीत विमान."

"जानेवारीत जर्मनीला काय आहे?"

तिने लॅपटॉपवर एक पत्र काढून माझ्यासमोर धरले. तिथल्या एका विद्यापीठात आठ दिवसांचे चर्चासत्र होते. जुन्या टीकाग्रंथांतील धान्यांच्या नावांवर तिने लिहिलेला निबंध त्यांनी स्वीकारला होता. राहण्याजेवण्याची व्यवस्था त्यांची, प्रवास आपला. महाविद्यालयाने रजा दिली होती, तिकीट दिले नव्हते. तिचा निम्मा पगार फ्लॅटच्या हप्त्यात जात असे, हे मला ठाऊक होते.

"कार्ड म्हणे धातूचं असतं, अप्पा."

"कोणत्या धातूचं?"

"स्टीलसारखं काहीतरी."

"मग धनत्रयोदशीला पूजेत ठेवायचं की भांड्यांच्या फळीवर?"

ती मोकळेपणाने हसली. मग म्हणाली, "प्रश्न एवढाच आहे की सध्या पितृपक्ष आहे. आई असत्या तर त्यांनी या पंधरवड्यात साधा झाडूसुद्धा आणू दिला नसता. अर्ज करू का?"

"उद्या सांगतो."

ती आत वळली आणि दारातच थांबली. "आणि अप्पा, यातलं शिरीषला एवढ्यात काही बोलू नका हं."

त्या एका वाक्याने माझ्या मनात काहीतरी हलले.

निर्णय खरे तर तत्काळ देता आला असता. पितृपक्षात वर्ज्य आहेत ती मंगलकार्ये: विवाह, उपनयन, गृहप्रवेश. कुणाकडे अर्ज करण्याला कोणत्याही निर्णयग्रंथात निषेध नाही. हे मला चहाचा कप रिकामा होण्याआधी माहीत होते. तरी मी उद्यावर टाकले, कारण मला शिरीषविषयीच्या त्या वाक्याचा विचार करायचा होता.

संध्याकाळी नदीकाठच्या बागेत आबासाहेब थोरात भेटले. ते एका पतसंस्थेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले, माझे रोजचे सोबती. घरातली गोष्ट बाहेर सांगू नये, हे मी शेकडो मुलांना शिकवले होते. त्या संध्याकाळी मीच ती सांगितली.

"कार्ड?" आबासाहेबांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. "शास्त्रीबुवा, मी छत्तीस वर्षं पतसंस्थेत काढली. फुकट म्हणून आम्ही फक्त कॅलेंडर वाटलं. त्याच्यावर पण आमचीच जाहिरात होती."

"ती म्हणते, नाहीतरी करायचाच खर्च आहे."

"सगळे असंच म्हणत्यात. आमच्या येळंला कर्ज मागायला येणारा माणूस चप्पल बाहेर काढून यायचा. आता बँकच चप्पल काढून आपल्या दारात उभी हाय. तिकीट देतो म्हणत्यात. कुणाच्या बाचं विमान हाय?"

मी हसलो. पण आबासाहेब हसत नव्हते.

"सूनबाई एकट्याच निघाल्या? शिरीषराव न्हाईत?"

"एकटीच. आठ दिवस."

"आठच ना?"

"पत्रात आठ लिहिलेत."

"आणि नवऱ्याला सांगू नका म्हणाल्या." त्यांनी नदीकडे पाहिले. "माझ्या साडूची पुतणी तीन महिन्यांसाठी गेली. चौथ्या महिन्यात वकिलाचं पाकीट आलं."

"आबासाहेब, प्रत्येक घर सारखं नसतं."

"न्हाईच की. पाकीट मात्र सारखंच असतंय."

मी घरी आलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक निळी फाइल उघडी पडली होती. परक्या कागदाला हात लावू नये हेही मी शिकवत असे. हात लावला नाही, पण डोळे वळवलेही नाहीत. पदव्यांच्या प्रती होत्या, जन्माचा दाखला होता, आणि सर्वांत वर लग्नाचा दाखला. शिरीष आणि ती, दोघांचे पंधरा वर्षांपूर्वीचे फोटो, नगरपालिकेचा शिक्का. हा कागद सुमतीच्या कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात असे आणि इतक्या वर्षांत तो कोणी बाहेर काढलेला मला आठवत नव्हता. चर्चासत्रात धान्यांची नावे वाचायची, तर लग्नाचा दाखला कशाला?

स्वयंपाकघरातून तिचा फोनवरचा आवाज येत होता. "नाही गं, शिरीषला सांगितलेलंच नाही. सांगितलं की आधी भाषण होईल. एकदा हातात आलं की मग दाखवीन."

मी माझ्या खोलीत गेलो. स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारले असते तर एका वाक्यात उत्तर मिळाले असते. पण त्या संध्याकाळी मला उत्तराची गरज वाटत नव्हती. मला सर्व काही दिसतच होते: दाखला, मौन, विमान, पाकीट. ईराच्या वह्या पसरलेल्या होत्या तिथे मी बराच वेळ बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता टेबलाशी गवार निवडत होती. मी समोर बसलो.

"पितृपक्षात नको," मी म्हणालो. "घटस्थापनेला कर."

तिचे हात थांबले.

"एकदा विचारू?"

"विचार."

"अर्ज म्हणजे याचना ना, अप्पा? आरंभ झालाच तर कार्ड हातात आल्यावर होणार, आणि ते नवरात्रातच येईल. वर्ज्य आहे ते मंगलकार्य. मागणं कुठे वर्ज्य आहे? या पंधरवड्यात तर आपण पिंडापुढे हात जोडून पितरांकडेच मागतो, आमच्या कुळात दाते वाढू देत म्हणून."

युक्तिवाद निर्दोष होता. मीच शिकवलेल्या पद्धतीने तिने तो मांडला होता. विद्यार्थ्याने इतके स्वच्छ बोलावे म्हणून शिक्षक आयुष्यभर झिजतो, आणि मला त्या क्षणी तिच्या स्वच्छपणाचाच राग आला.

"संकल्प हाच आरंभ," मी म्हणालो. "अर्जावर नाव लिहिलंस की संकल्प झाला."

हे कुठे लिहिले आहे, असे ती आता विचारील म्हणून मी थांबलो. ते कुठेही लिहिलेले नव्हते. तीस तारखेची गोष्ट तरी ती पुन्हा काढील, असे वाटले. तिने तीही काढली नाही. माझ्याकडे क्षणभर पाहिले, मग गवारीची एक शेंग उचलून तिची शीर काढली.

"बरं," ती म्हणाली.

अविधवा नवमीला, रविवारी, सुमतीचे श्राद्ध झाले. सौभाग्यवती गेलेल्या स्त्रीची ही तिथी. शिरीषने सगळे विधी नीट केले. पहाटेपासून ऋजुताने एकटीने खीर, वडे, आमसुलाची चटणी असा सगळा स्वयंपाक रांधला होता. सुमतीला आवडायची म्हणून अळूची भाजीही केली होती. जेवणानंतर शिरीष दिवाणखान्यात सतरंजीवर आडवा झाला, तोंडात लवंग. मी खुर्चीत होतो. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"अप्पा, ऋजुताच्या जर्मनीचं वाचलंत ना?"

माझ्या हातातला अडकित्ता थांबला.

"तुला माहीत आहे?"

"म्हणजे काय! महिनाभर फोनवर तिचं दुसरं चाललंय काय? मागच्या रविवारी आईचं कपाट मीच उपसलं. व्हिसाला लग्नाचा दाखला लागतो म्हणे. बाई परत येणार याची त्या लोकांना खात्री हवी असते. नवरा आहे, मुलगी आहे, सासरा आहे, घर आहे, हे सगळे पुरावे." तो हसला. "मी म्हटलं, अप्पांचा पंचांग हातात घेतलेला फोटो लाव. ते बघून कोणीही म्हणेल, ही बाई परत जाणारच, नाहीतर इतकी तिथीवार कोण सांभाळणार!"

मी मांडीवर सांडलेली सुपारी गोळा केली.

"तिकिटाचं तेवढं अडलंय," तो पुढे म्हणाला. "या वर्षी माझ्याकडून खरंच होत नाहीये. ती म्हणाली, माझं मी बघते. म्हटलं, बघ, पण ते क्रेडिट कार्डाच्या नादी लागू नकोस. माझं मागचं आठवतंय ना? कात्रीनं कापून टाकावं लागलं होतं. तेव्हापासून तो शब्द काढला की मी तासभर बोलतो, असं तिचं म्हणणं आहे."

"तासभर नाही, दोन तास," ऋजुता आतून ओरडली.

"बघा, ऐकतेय!"

दोघेही हसले. सगळे कागद माझ्यासमोर एकेक करून उलटे झाले. दाखला परत येण्याचा पुरावा होता. लपवलेले होते ते फक्त कार्ड, आणि तेही एका भाषणाच्या भीतीने. नवमी ते अमावास्या, पाच दिवस शिल्लक होते. उठून स्वयंपाकघरात जायचे आणि एवढेच म्हणायचे होते: ऋजुता, माझी चूक झाली, अर्ज कर.

मी सुपारी कातरत राहिलो.

सोमवारी तिला परीक्षेची देखरेख होती, ती दमून आली, म्हणून बोललो नाही. मंगळवारी ईराला ताप होता. बुधवारी दुपारी ऋजुता माझ्याच खोलीत इस्त्री करत होती, कारण तिथला प्लग चांगला होता. फोन वाजला. उंब्रजचे एक शेतकरी होते, सोनावणे म्हणून.

"शास्त्रीबुवा, ट्रॅक्टर बुक करायचाय. डीलर म्हणतोय याच आठवड्यात नाव नोंदवा, न्हायतर भाव वाढतोय. पण म्हातारी म्हणती, पितृपक्ष हाय. काय करू?"

आणि चाळीस वर्षांची सवय माझ्या जिभेवरून बोलली. "नाव नोंदवायला काहीही हरकत नाही. निषेध आहे तो मंगलकार्यांना. आईंना माझं नाव सांगा. ट्रॅक्टर घरी आणाल तेव्हा दसऱ्याला आणा, म्हणजे त्यांचंही मन राहील."

"लई उपकार झाले!"

फोन ठेवला तेव्हा खोलीत फक्त इस्त्रीचा वास होता. एका अनोळखी माणसाला मी खरे सांगितले होते आणि जिला खोटे सांगितले ती चार हातांवर उभी राहून ऐकत होती. मी मान वर करू शकलो नाही. तिने माझ्या धोतराची घडी घातली, ती दुसऱ्या घड्यांवर ठेवली आणि पुढचे घेतले. इस्त्री पूर्वीच्याच गतीने फिरत राहिली.

तेव्हा तरी बोलायला हवे होते. पण आता केवळ संशयाची कबुली पुरणार नव्हती. असत्य उघडे पडल्यावरही गप्प बसलो, याचीही कबुली द्यावी लागणार होती. प्रत्येक दिवसाने वाक्य लांबत चालले होते.

शुक्रवारी, अमावास्येला, मी ठरवले की आज सांगायचेच. सर्वांच्या नावाने तर्पण केले. ती महाविद्यालयातून सहाला आली. पर्स खुंटीला लावत होती.

"ऋजुता."

"काय, अप्पा?"

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी एकदम जागे झाले. तिने हातातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि उभी राहिली.

माझ्या तोंडात वाक्य तयार होते. मी तिच्याकडे पाहिले, आणि मुलांसमोर एकतीस वर्षे ताठ उभा राहिलेला माणूस माझ्यात आडवा आला.

"उद्याच्या घटाला माती आणली आहेस ना?"

"आणलीय."

"आणि सप्तधान्य?"

"तेही."

ती आवश्यकतेपेक्षा थोडी अधिक वेळ उभी राहिली. मग किल्ल्या उचलून आत गेली.

सकाळी घट बसला. परडीत माती, मातीत धान्य, वर कलश. आरती झाली. घटस्थापनेसाठी आदल्या रात्रीच आलेला शिरीष पहिल्या माळेसाठी फुले आणायला बाहेर गेला होता, ईरा आंघोळीला. ऋजुता नऊवारीतच लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली.

"करू ना आता?"

मला वाटले ती टोमणा मारते आहे. चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तिने बँकेचे पान उघडले, काही अक्षरे टाइप केली, थोडा वेळ वाचले आणि लॅपटॉप हलक्या हाताने मिटला.

"संपली योजना. काल रात्री बारापर्यंत होती."

"पुन्हा निघेल."

"निघेल की. जानेवारी पुन्हा निघणार नाही, एवढंच."

घटासमोरची समई जळत होती. मी म्हणालो, "ऋजुता, निषेध नव्हता."

"माहीत आहे, अप्पा."

"केव्हापासून?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हापासून. नंतर उंब्रजच्या सोनावण्यांनी दुजोरा दिला." ती किंचित हसली, आणि ते हसू मला सहन झाले नाही.

"मग गुपचूप अर्ज का नाही केलास? मला कळलंही नसतं."

"गुपचूप करायचा असता तर विचारलं कशाला असतं?" तिने पदर सावरला. "तुम्ही आजवर कुणालाही खोटं सांगितलेलं नाही. मला सांगितलंत, म्हणजे तुम्हाला कसली तरी मोठी भीती वाटली असणार, असं मला वाटलं. वाटलं, ती ओसरेल आणि तुम्ही स्वतःच सांगाल. मी रोज वाट पाहिली. काल संध्याकाळी तुम्ही हाक मारलीत तेव्हा तर खात्रीच झाली, आता सांगताय."

"मी मातीचं विचारलं."

"हो. मातीचं विचारलंत."

मग तिने विचारले, "कसली भीती होती?"

मी सगळे सांगितले. निळी फाइल, दाखला, फोनवरचे वाक्य, बागेतले बाक, साडूच्या पुतणीचे पाकीट. काही वगळले नाही. ती रागावेल म्हणून मी तयारीत होतो, आणि रागावली असती तर बरे झाले असते. ती सगळे शांतपणे ऐकत होती. शेवटी फक्त दोन शब्द बोलली.

"ईराला सोडून?"

मी समईची वात सारखी केली.

"माझी मुदतठेव आहे," मी म्हणालो. "तिकीट मी काढतो. आजच शिरीषला पाठवून..."

"नको, अप्पा."

"माझ्यासाठी म्हणून घे."

"म्हणूनच नको. ते तुमच्या प्रायश्चित्ताचं तिकीट होईल. मला माझं हवं होतं." बाथरूमचे दार वाजले, ईरा गाणे म्हणत बाहेर येत होती. ऋजुता उठली, लॅपटॉप काखेत धरला. "आणि एक सांगते. रागानं नाही सांगत, खरंच. यापुढे मी विचारणार नाही. ठरलं की तुम्हाला सांगेन, सगळ्यांत आधी सांगेन. पण विचारणार नाही."

"बरं," मी म्हणालो. तिने गवार निवडताना म्हटले होते, त्याच स्वरात मला ते म्हणता आले असते तर किती बरे झाले असते.

तो निबंध जानेवारीत तिकडच्या एका प्राध्यापिकेने तिच्या वतीने वाचला. तशी ओळ त्यांच्या छापील कार्यक्रमात आहे आणि ते पान ऋजुताने ठेवून दिले आहे. शिरीषला तिने कार्डाची गोष्ट सांगितली की नाही, मला कळले नाही. माझी गोष्ट तिने त्याला सांगितली नाही, हे मात्र मला ठाऊक आहे. त्याच्या वागण्यात माझ्याविषयी कधीच काही बदलले नाही. आबासाहेबांना मी नंतर कधीच घरातले काही सांगितले नाही. त्यांनी दोनतीनदा विचारले, मग तेही थांबले.

अडीच वर्षांनी एका सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "अप्पा, ऑगस्टमध्ये जर्मनीला जातेय. कार्ड मागेच घेतलं होतं, परवा तिकीट निघालं. शिरीषला आज सांगायचंय, त्याआधी तुम्हाला." अर्ज कोणत्या महिन्यात केला, कोणत्या तिथीला केला, हे मी विचारले नाही. ती गेली, दहा दिवसांनी परत आली, माझ्यासाठी तिथल्या ग्रंथालयातल्या एका जुन्या पोथीच्या पानांची छायाचित्रे घेऊन आली. आम्ही ती टेबलावर पसरून दुपारभर वाचली. तीन ठिकाणी तिने माझा अर्थ खोडून काढला आणि तिन्ही ठिकाणी तिचे बरोबर होते.

आज मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे. फोन अजून येतात. ट्रॅक्टर, गृहप्रवेश, मुलांची नावे, परदेशी जाण्याचे दिवस. मी सांगतो, आणि सांगण्याआधी क्षणभर थांबतो. आमच्या घरात मात्र गेल्या आठ वर्षांत कोणी मला "केव्हा" असे विचारलेले नाही. ऋजुता चहा आणते, कालचे वाचन काढून बसते, चुकलो तर हसून सांगते. तिने शब्द पाळला आहे.

म्हणून जे मुखाने तिला कधी सांगू शकलो नाही ते इथे लिहितो. ऋजुता जी वेळ निवडेल ती तिला अनुकूल होवो. शिरीषला तिच्या यशाचा अभिमान आजच्यासारखाच वाटत राहो. ईरा आता मोठी झाली; तिला जे हवे ते निःसंकोच विचारता येवो, आणि ज्याला ती विचारील त्याचे मन स्वच्छ असो. आबासाहेबांच्या वार्धक्याला चांगली सोबत मिळो. आणि जे आजही दूर गावांतून माझ्यावर विसंबतात, त्या सर्वांचे कल्याण असो.